मष्णू गावडेची शनिवारची फेरी

मष्णू गावडे दर शनिवारी दुपारी आपल्या मेलेल्या धाकट्या भावाच्या घरी जातो, दार आतून लावून घेतो आणि चार-पाच तासांनी घामानं निथळत बाहेर पडतो, ही बातमी बेळगावातल्या अनगोळच्या नळावर पहिल्यांदा गंगव्वानं आणली. तिनं ती अगदी दबक्या आवाजात सांगितली, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या तिघींनाच काय ती ऐकू गेली. "मला काय करायचंय बाई," म्हणून तिनं घागर भरली, ती तशीच खाली ठेवली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

गावाला चघळायला याहून गोड काय हवं? थोरला दीर म्हणजे ज्याच्यासमोर भावजयीनं पदर सारखा करून उभं राहायचं, बसायचंसुद्धा नाही. आणि इथं भावाची विधवा अंबू स्वतः कडी काढून त्याला आत घेत होती. मष्णूची बायको राजाबाई गुंजीजवळ त्यांच्या गावी शेत बघायची. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती भाकरी थापता थापता हसली. "आमचं येडं घरात माझ्यासंगं बोलत न्हाय, ते बाईमाणसापाशी काय बोलणार? नट-बोल्टापाशी बोलत असंल."

ते मात्र खरं होतं. सहासष्ट साली मष्णू पहिल्यांदा रेल्वेच्या गाडीत बसून बेळगावला आला आणि उद्यमबागेत मुलाम्याच्या एका लहानशा कारखान्यात लागला. लोखंडावर जस्ताचं पाणी चढवायचं, एवढंच काम. गंजलेला बोल्ट ॲसिडात टाकायचा, गंज सुटला की धुवायचा, मग जस्ताच्या हौदात विजेच्या तारेला टांगायचा. बोटं पिवळी पडली, शर्टाला भोकं पडली, पण बोल्ट असा चमकायचा की माणूस त्यात भांग पाडील. मालकापेक्षा मष्णूलाच त्याचा जास्त डौल.

धाकटा भावकू उलटा, बोलघेवडा. गॅरेजात मेस्त्री होता आणि जुन्या विलायती गाड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. अनगोळच्या एका बेकरीवाल्याच्या एकुलत्या एका पोरीशी, अंबूशी, त्याचं लग्न झालं. सासरा वारला, बेकरी बंद पडली, आणि घर भावकूकडे आलं. परसात विटांची मोठी भट्टी तेवढी उरली. अंबू सणावारी तिच्यात नानकटाई भाजायची.

चौऱ्याहत्तर साली निपाणीच्या एका तंबाखूवाल्या सावकारानं आपल्या वडिलांची जुनी ऑस्टिन गाडी भावकूच्या हवाली केली. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आत ती रस्त्यावर आली पाहिजे, आणि बोल्टनबोल्ट चांदीसारखा दिसला पाहिजे. नवे बोल्ट मिळणार कुठं? भावकू पिशवीभर गंजके बोल्ट घेऊन भावाकडे आला.

"दादा, सावकाराचं तोंड दिसाय पायजे ह्यात."

"सावकाराचं तोंड बघून काय करतोस? बरं दिसंल असं कायतर सांग," मष्णू म्हणाला. दोघं हसले.

गंज चिवट होता. मष्णूनं बोल्ट ॲसिडात सोडले, तेवढ्यात घरी जायच्या गुंजीच्या गाडीची वेळ झाली. ती चुकली की रात्र फलाटावर. बोल्ट तसेच ठेवून तो गेला आणि सकाळी येऊन काढले. रात्रभर मुरल्यानं असे लख्ख निघाले होते की जस्त चढल्यावर मालकसुद्धा बघायला आला. भावकूनं ते गाडीला आवळले. दुसऱ्या दिवशी गाडी पोचवायला तो एकटाच निपाणीला निघाला, आणि तवंदीच्या घाटात ती सरळ खाली गेली. भावकू जागीच गेला.

काच पुसायला म्हणून भावकूनं स्पिरिटची बाटली घेतली होती. ती फुटली आणि त्याच्या अंगावर सांडली. ज्यानं त्याला पहिल्यांदा उचललं त्यानं वास घेतला, आणि निकाल लागला. भावकू पिऊन गाडी चालवत होता. सावकारानं तेच सांगितलं, गावानं तेच धरलं. अंबूनंही वास घेतला होता. तिनं नवऱ्याचा फोटो ट्रंकेत तळाशी घातला आणि त्याचं नाव काढणं सोडलं.

मष्णू घाटात गेला होता. स्टिअरिंगच्या दांड्याचा एक बोल्ट मधोमध तुटलेला त्यानं बघितला. वाकलेला नाही, ताणलेला नाही, साखरेच्या खड्यासारखा तुटलेला. तो तुकडा त्यानं खिशात टाकला, पण त्याचा अर्थ दोन वर्षं त्याला लागला नाही. अर्थ लावला सत्याप्पानं. सत्याप्पा शेजारच्या फाउंड्रीत पोलाद तापवण्याच्या भट्टीवर होता. चहाच्या टपरीवर त्यानं तुकडा फिरवून बघितला.

"ॲसिडात लई वेळ ठेवलता काय रे हा?"

"रातभर."

"मग बरोबर. कडक पोलाद ॲसिडात हायड्रोजन पितंय. वरनं जस्त चढलं की तो आतच कोंडतो. आवळताना बोल्ट तुटत न्हाय. आवळून ठेव, एक-दोन दिसांनी आपसूक तुटतो. वरनं चांदी, आतनं बिस्कूट."

"मग करायचं काय?"

"साध्या बोल्टाला काय होत न्हाय. कडक असला तर गंज ब्रशनं घासून काढ, ॲसिड नावाला दाखव. आणि मुलामा झाला की लगेच, तासाभरात, भट्टीत घालून चार तास मंद भाज. आतलं निघून जातंय. कुणाचा हा?"

मष्णूनं चहा तसाच ठेवला आणि उठून गेला.

मंद भाजणारी भट्टी कुठं होती? भावकूच्या स्वतःच्या परसात होती.

पुढच्या शनिवारी मष्णू अंबूच्या दारात उभा राहिला. सगळं सांगायचं म्हणूनच आला होता. तोंडातून निघालं ते एवढंच: "कामाचं बोल्ट भाजायचं हाय. भट्टी देतीस काय? पण ह्यात परत खायाचं काय भाजायचं न्हाय. मुलाम्याचं पाणी इखारी असतंय."

अंबूनं नानकटाईवर पाणी सोडलं. उष्णता बघायची मात्र तिनंच. लाकडं जाळून निखारे ओढून काढायचे आणि भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकायचा. काळा पडला तर थांबायचं, तांबूस झाला की बोल्टांचा पत्रा आत सरकवायचा. घरातून परसात वारा येऊन भट्टी निवू नये म्हणून घराचं दार लावायचं. सात वर्षं असं चाललं. दर शनिवारी मष्णू सांगायचं ठरवून यायचा, आणि भट्टीकडे बघत बसून परत जायचा.

त्र्याऐंशी साली गंगव्वाची बातमी फिरून फिरून अंबूपर्यंत पोचली. त्या शनिवारी बेळगावच्या एका डॉक्टरच्या जुन्या गाडीचे स्टिअरिंगचे बोल्ट घेऊन मष्णू आला, तर अंबू उंबऱ्यावरच उभी.

"भावजी, आजपास्नं येऊ नका."

"एवढं आजचं भाजून घिऊ दे."

"नऊ वरसं दारुड्याची बायकू म्हणून ऐकलं. आता ह्ये नवं नको."

"त्यो प्यालता न्हाय, अंबू."

"वास मी सोता घेतलाय."

"त्यो स्पिरिटचा. काच पुसायची बाटली फुटलती. बोल्ट तुटला. माझ्या हातनं बिघडलता त्यो. रातभर ॲसिडात टाकून मी गाडीला गेलतो. भाजला न्हाय."

अंबूच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सारखा केला नाही.

"कवा कळलं तुमास्नी?"

"शहात्तर साली."

"सात वरसं माझ्याच भट्टीत भाजलासा, आणि मला सांगितला न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर भट्टी मिळाली नसती."

"भट्टी?" अंबू म्हणाली.

तिनं त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "ह्ये आत घालायला किती वेळ ऱ्हायलाय?"

"अर्धा तास."

भट्टी सकाळीच पेटवलेली होती. सवयीनं. तिनं निखारे ओढले, मैदा टाकला, पत्रा सरकवला आणि दार लावून घेतलं. मष्णू बाहेर पायरीवर बसला. संध्याकाळी तिनं पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. "न्या. परत येऊ नका."

तो परत गेला नाही. उद्यमबागेत जुन्या पिंपाची भट्टी त्यानं केली आणि अठ्ठ्याऐंशीपर्यंत, काम सुटेपर्यंत, एकही कडक बोल्ट न भाजता बाहेर जाऊ दिला नाही. लग्नाकार्यात अंबू दिसली तर पदर घेऊन उभी राहायची, बोलायची नाही. भावकूचा फोटो तिनं भिंतीला लावला. नळावर जाऊन गंगव्वाला सांगितलं, "माझा नवरा प्यालता न्हाय." ही बातमी गंगव्वानं कुणालाच सांगितली नाही. तिच्यात मजा नव्हती.

दार लावून आत बोल्ट भाजले जात होते. दुसरं काही नव्हतं.