जपानी दोरी आणि कुशाबाचा राब

रिह्याच्या खोऱ्यात भाताचा विषय निघाला की कुशाबाचं नाव निघायचंच. उन्हाळ्यात शेण, वाळका पाला, गवत असे थर अंथरून तो रोपाची जमीन भाजायचा, म्हणजे राब करायचा. त्याच्या राबातलं रोप असं तरारून यायचं की वाटसरू थांबून बघत. वीस वर्षं हा मान त्याचा. आणि गेला कुणामुळं? परका असता तर गिळलाही असता अपमान. पण हा निघाला सख्खा मेव्हणा, बहिरू!

बहिरूनं चार वर्षं कुशाबाच्या हाताखाली काम केलं, मग शेजारचं भातखाचर स्वतः करू लागला. अठ्ठावन्न साली ग्रामसेवकानं गावात जपानी भातशेती आणली. रोप उंच गादीवाफ्यावर करायचं, दोरी ताणून ओळीत लावायचं, एका जागी दोन-तीनच काड्या. "जपानी माणूस शिस्तीचा. सांगितलंय तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही," असं ग्रामसेवक बजावायचा. बहिरूनं ती पद्धत उचलली.

"भाताला काय शाळंत बसवायचाय का ओळीनं?" कुशाबा हसला.

दसऱ्यापर्यंत ते हसू पार आटलं. बहिरूचं पीक बघायला पार भरे गावापासनं माणसं येऊ लागली. कुशाबाच्या बांधाकडं कुणी ढुंकून बघेना. घरी बायको साळूबाई भाकरी वाढतानासुद्धा भावाचंच कौतुक करायची, की हा अर्ध्या भाकरीवरच उठायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण मत्सरानं जळत होता. बहिरूच्या उभ्या पिकात गुरं शिरावीत असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

तशात बातमी आली. पौडवरनं शेतीखात्याचे साहेब येणार, संगं एक खराखुरा जपानी शेतकरी आणि त्याचं बोलणं सांगणारा दुभाष्या. पीक पसंत पडलं तर खोऱ्यातल्या गावांना भात शिकवायला बहिरूला नेमणार. कालचं पोर गुरुजी होणार, आणि कुशाबानं काय त्याच्यापुढं मांडी घालून बसायचं?

पण कुशाबाला एक गोष्ट ठाऊक होती. गादीवाफा करण्याआधी बहिरूनं त्या जागेवर गुपचूप राब भाजला होता. जपानी पद्धतीत राब नव्हता. 'आता बघतोच, कसा तोंडावर पडतो!'

पाहुणा आला, चपला काढून थेट खाचरात उतरला. सारा गाव बांधावर. कुशाबाला धीर निघेना.

"सायेब, ह्यानं लबाडी केलीया! तुमच्या पद्धतीत राब न्हाई. ह्यानं चोरून भाजला. इचारा त्यालाच!"

ग्रामसेवकाचा चेहरा पांढराफटक पडला. दुभाष्यानं सांगितलं तसा पाहुणा थबकला. मग सावकाश बोलला, आणि दुभाष्या सांगू लागला, "हे म्हणतात, आमच्याकडं मोठ्यांना विचारल्याबिगर पद्धत बदलत नाहीत. त्यापायी कितीतरी चांगल्या गोष्टी मनातच राहतात. ह्या माणसानं बदल केला आणि पीक असं आलं. राब ह्याला कुणी शिकवला?"

बहिरूनं मान खाली घातली. "ह्या दाजींनी. थर केवढा, आग कुठल्या अंगानं लावायची, समदं त्यांचंच. मी तुमची दोरी धरली, पर त्यांचा राब मला सोडवला न्हाई."

पाहुणा चिखलातनं वर आला. कुशाबापुढं कमरेतून वाकला, वही उघडली. "पाल्याचा थर केवढा?"

आता कुठं कुशाबाला उमगलं. ज्या कामाला आत्ता लबाडी म्हणाला, ते त्याचंच होतं की! त्यानं बोटं दाखवली, चार. पाहुण्यानं लिहून घेतलं. साहेबांनी तिथंच जाहीर केलं, खोऱ्याला आता दोघंही शिकवतील.

घरी साळूबाईनं हौसेनं नवऱ्याच्या हातावर साखर ठेवली. त्यानं ती तशीच धरली.

"खावा की. गावापुढं येवढा मान मिळाला तुमास्नी!"

"मिळाला गं," कुशाबा म्हणाला, "पर दिला तुझ्या भावानं."