बिबट्या सडला नव्हता

पनवेलच्या संग्रहालयातला बिबट्या कधीही सडला नव्हता. आमच्या घरात इतकी वर्षं जे हसत हसत सांगितलं जातं ते साफ खोटं आहे. ते खोटं चालू दिलं मी.

संग्रहालय म्हणजे जुन्या पनवेलमधल्या एका शाळेची मागची खोली. निवृत्त देवधर मास्तरांनी तिथे पेंढा भरलेले प्राणी मांडले होते. बिबट्या, मुंगूस, घोरपड आणि एक घुबड. (घुबडाचा डावा डोळा म्हणजे कोटाचं बटण होतं.)

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही खांदा कॉलनीत राहायचो. माझ्या धाकट्या बहिणीला, नलूला बघायला पुण्याची मंडळी येणार होती. मुलगा श्रीकांत, प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. त्यांचं घर कडक शाकाहारी. आमच्या मामाने त्यांना बेधडक सांगितलं होतं, "यांच्याकडे अंडंसुद्धा येत नाही!" (हे खरंच होतं. माशांपुढे अंड्याला विचारतो कोण!) आधीची स्थळं मोडली होती, त्यामुळे आईने देव पाण्यात ठेवले होते.

नेमकी त्याच सकाळी उरणची जनाबाई कोळीण दारात.

"घ्या दादा, सुके बोंबील. कडकडीत हायत. वास पन नाय!"

मी सवयीने घेतले. आई किंचाळली, "आधी घराबाहेर ने ते! पाहुणे येतील!"

पुडकं शबनम पिशवीत कोंबून मी मित्राकडे निघालो, तर जिन्यातच पाहुणे! वडील म्हणाले, "हा आमचा थोरला. चल रे, बस." पोहे होईपर्यंत मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीत बसलो. मग श्रीकांत म्हणाला, "इथे एक छोटं संग्रहालय आहे म्हणे?"

"हा दाखवेल ना!" वडील म्हणाले. झालं. निघालो सगळे, पिशवी माझ्या खांद्यालाच.

मास्तरांनी आम्हाला आत घेतलं आणि दार-खिडक्या लावल्या. "धूळ येते." मे महिना. बंद खोलीत बोंबलांना कंठ फुटला. श्रीकांतच्या आईने पदर नाकाला लावला. मी घाबरून पुडकं बिबट्याच्या पोटाखाली सरकवलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हा वाघ सडलाय."

"बिबट्या आहे," मास्तर म्हणाले. मग त्यांनी वास घेतला आणि मटकन खाली बसले. "अहो, मी स्वतः भरलाय हो याला!"

श्रीकांतने बिबट्या हुंगला. "पेंढा दमट झाला असेल. उन्हात ठेवू."

त्याने पुढचे पाय धरले, नलूने शेपटी. बिबट्या मैदानात गेला. खोलीत वास तसाच! मग मुंगूस गेलं. मग घोरपड. शेवटी घुबडही उन्हात बसलं आणि त्याच्याभोवती कावळ्यांनी सभा भरवली. मास्तर डोळे पुसत होते. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यांची अब्रू वाचली असती. पण नलूचं स्थळ मोडलं असतं. मी घुबडाभोवतीचे कावळे हाकलत राहिलो.

हळूच खोलीत गेलो, तर पुडकं गायब. मांजराने नेलं असणार.

लग्न झालं. "सडका बिबट्या" आमच्या प्रत्येक समारंभात जेवणानंतर सांगितला जाऊ लागला. मास्तर जाईपर्यंत दर दिवाळीला मी त्यांना फराळ पाठवायचो, वर डांबरगोळ्यांचा एक डबा. प्राण्यांसाठी. तेवढंच प्रायश्चित्त.

आता मास्तरांच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून हे लिहिलं आणि आधी नलूला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली.

"दादा, पुडकं ह्यांनाच सापडलं होतं! बिबट्या उचलताना. सासूबाई समोर होत्या म्हणून ह्यांनी ते पायाने कोपऱ्यात सारलं आणि नंतर गुपचूप उचललं. हॉस्टेलात चोरून बोंबील खायचे हे. तिथेच ठरवलं, करीन तर याच घरातली."

"आणि मास्तर?"

"त्यांना ह्यांनी निघताना सगळं सांगितलं. अर्धे बोंबील दिलेसुद्धा. मास्तर मला फक्त एकच विचारायचे."

"काय?"

"तुझा भाऊ दर दिवाळीला मला डांबरगोळ्या का पाठवतो? माझ्या अंगाला वास येतो का गं?"