साडूच्या विमानाचं गाऱ्हाणं

माझ्या मुलीला पायलट करायचं मी ठरवलं, कारण माझ्या साडूच्या मुलीनं पायलट व्हायचं ठरवलं होतं. याहून सबळ कारण मला आजही सुचत नाही.

साडू म्हणजे मुलुंडचे प्रकाशराव. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे तुलना घरबसल्या होते. त्यांनी नवा फ्रिज घेतला की आमचा फ्रिज मला बुटका दिसू लागतो. ते काश्मीरला गेले तेव्हा आम्ही महाबळेश्वरला जाऊन मुद्दाम थंडी वाजवून घेतली. बरं, माणूस अगदी सज्जन, कधी फुशारकी म्हणून मारत नाही. हीच खरी अडचण आहे. जरा वाईट असते, तर माझ्या जळण्याला काहीतरी इभ्रत राहिली असती.

आम्ही राहतो घाटकोपरला, भटवाडीत. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की वाळत घातलेल्या चादरीसुद्धा दचकतात. त्यामुळे आमच्या घरात एक शिस्त आहे. विमान आलं की बोलणारा जिथे असेल तिथे थांबतो, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. भांडणसुद्धा असंच चालतं. (नवखे पाहुणे घाबरतात. त्यांना वाटतं, सगळ्या कुटुंबाला एकदम झटका आला.)

तर अशी विमानं उभा जन्म आमच्या डोक्यावरून जाणार, आणि पायलट मात्र मुलुंडात निपजणार?

रुचाच्या बारावीच्या निकालाचे पेढे खायला आम्ही मुलुंडला गेलो, तिथे हा घाव बसला. प्रकाशराव नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "सुधीरराव, रुचा पायलट होणार म्हणते. एव्हिएशनची बी.एस्सी. करतेय. डिग्री आणि फ्लाइंग एकाच ठिकाणी. कॉलेजची स्वतःची धावपट्टी आहे."

माणसाच्या साडूला काय काय असावं याला मर्यादा हवी. आजवर गाडी होती, बाल्कनी होती. आता धावपट्टी!

"अभिनंदन," मी म्हणालो. पेढा घशाखाली उतरेना. आणि तो उतरायच्या आत तोंडातून बाहेर पडलं, "आमची तन्वीसुद्धा पायलटच होतेय."

माझ्या बायकोनं, मेघानं, टीपॉयखालून माझ्या पायावर पाय दिला. तन्वी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. तिचाही निकाल त्याच दिवशी लागला होता, फिजिक्स आणि गणित दोन्ही उत्तम होतं, पण पुढे काय करणार हे मी तिला अजून विचारलंच नव्हतं.

परतताना रिक्षात मेघा म्हणाली, "अहो, पोरीला न विचारता काय बोलून बसलात?"

"आई," तन्वी म्हणाली, "मला खरंच पायलट व्हायचंय. नववीपासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बाबांना गच्चीवर गेलं तरी गरगरतं. त्यांना काय सांगू?"

मला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या आनंदात, तन्वीनं घरी येऊन पुढे काय सांगितलं ते मी नीट ऐकलंच नाही. तिनं सगळं शोधून ठेवलं होतं. आधी मेडिकल करायची. डोळे, कान, हृदय सगळं तपासतात, आणि त्यातच अडकलं तर पुढचं सगळं वाया. मग इथल्याच, विद्याविहारच्या साध्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी., सोबत विमान खात्याचे लेखी पेपर, आणि आपल्याकडचे पैसे जपून ठेवायचे ते प्रत्यक्ष विमान उडवायला शिकण्यासाठी. "लायसन्स उडण्याचं मिळतं बाबा, डिग्रीचं नाही," ती म्हणाली.

"साधी बी.एस्सी.?" मी म्हणालो. "रुचाकडे धावपट्टी आणि तुझ्याकडे विद्याविहार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"मुलुंडचे."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन अंधेरीच्या एका एव्हिएशन कॉलेजात गेलो. काय ते कॉलेज! दारात पायलटच्या वेशातल्या मुलामुलींचे माणसापेक्षा मोठे फोटो. आत थंडगार हवा. सोफा इतका मऊ, की बसल्यावर उठायला आधार लागावा. ब्लेझर घातलेली एक गोड मुलगी आम्हाला माहिती द्यायला बसली. मी थेट मुद्द्याला हात घातला.

"तुमचं कॉलेज धावपट्टीवाल्या कॉलेजापेक्षा मोठं आहे ना?"

"सर, आमचे सात मजले आहेत."

"धावपट्टीला मजले नसतात," मी तन्वीला समजावलं. "पुढे बोला. टोपी कधी मिळते?"

"टोपी?"

"पायलटची. साडूच्या मुलीला बहुतेक शेवटी मिळणार आहे."

"आमच्याकडे पहिल्याच दिवशी युनिफॉर्म, टाय आणि कॅप."

इथेच माझा निकाल लागला. तन्वीनं मात्र विचारलं, "फ्लाइंग किती तास असतं?"

"फ्लाइंग तुम्ही बाहेरून करू शकता," ती मुलगी तितक्याच गोडपणे म्हणाली. "आमची डिग्री आहे. एअरपोर्ट, कार्गो, पॅसेंजर सर्व्हिस, पर्सनॅलिटी."

"म्हणजे इथे विमान नाही?"

"सिम्युलेटर येणार आहे."

जिन्यात तन्वी थांबली. "बाबा, इथे विमानच नाहीये. इथे पैसे भरलेत ना, तर उडायला काही उरणार नाही. मला खरंच उडायचंय." तिचे डोळे भरून आले होते, हे मला दिसत होतं. पण मला त्यापलीकडे टोपी दिसत होती, आणि टोपीपलीकडे प्रकाशरावांचा चेहरा.

"आधी टोपी तर घाल," मी म्हणालो. "विमान काय, येईल मागून."

सोमवारी प्रवेश घ्यायचा ठरला. नुसता प्रवेश घेऊन काय उपयोग, तो मुलुंडला दिसायला हवा. म्हणून रविवारी घरी गाऱ्हाणं घालायचं मी ठरवलं आणि साडूंना सहकुटुंब जेवायला बोलावलं. (मेनू कोंबडी-वडे. दिपवायचं तर पोटभर दिपवावं.)

आम्ही मालवणी. शुभकार्याआधी आमच्यात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस खणखणीत आवाजात देवाला सगळी हकीकत सांगतो, मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. व्हय म्हटलं की मान्य. मागाहून फिरवायची सोय नाही.

जाणता माणूस घरातच होता. माझे भिकाकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते आणि काळा चष्मा लावून हॉलमध्ये बसून असायचे. गावातली निम्मी गाऱ्हाणी त्यांच्याच तोंडून देवापर्यंत गेलेली. सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुध्या, काय काय मागूचा आसा ता खरा सांग. देवाक अर्धवट सांगान चलाचा नाय."

"पोरीला यश मिळू दे," मी म्हणालो. मग आवाज खाली आणून म्हणालो, "आणि काका, प्रकाशरावांचं सगळं कायम आमच्यापेक्षा वरचढ असतं. फार जळतं हो पोटात. त्याचं काहीतरी बघायला सांगा."

काकांनी मान डोलावली. त्यांनी मेघालाही असंच विचारलं आणि तन्वीलाही. हे मला माहीत नव्हतं.

दुपारी मंडळी जमली. प्रकाशराव माझ्या शेजारीच हात जोडून उभे. काकांनी नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा पाचाच्या देवा म्हाराजा, आज ह्या सुध्यान तुझ्याकडे नारळ ठेवल्यान हा! त्येच्या चेडवाक इमान उडवूचा आसा, त्येका यश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलुंडकडे पाहिलं.

"पण सुध्यान जा कॉलेज बघल्यान हा, थय टोपी आसा, पण इमान नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुन्हा सगळ्यांत मोठा आवाज माझाच. (लहानपणापासून तोंडाला वळण पडलेलं असतं. डोकं मागाहून पोचतं.)

डोकं पोचलं तेव्हा काका पुढच्या वाक्यात शिरले होते. "साडवाच्या चेडवाचा आयकल्यापासून सुध्याच्या पोटात जा काय..."

आणि विमान आलं.

शिस्तीप्रमाणे काका थांबले. सगळे थांबले. प्रकाशराव हात जोडून, माझ्या पोटात नेमकं काय आहे ते ऐकायला उत्सुक. मी काकांना डोळ्यांनी खुणावलं, हातांनी खुणावलं, शेवटी गळ्यावरून आडवं बोट फिरवलं. पण काळ्या चष्म्याआड काकांचे डोळे मिटलेले. इतक्या वर्षांत एवढं सावकाश गेलेलं विमान मी पाहिलेलं नाही.

"...जळता," विमान गेल्यावर काका त्याच शब्दापासून सुरू झाले, "ता शांत कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज प्रकाशरावांचा होता. मीही म्हटलं, पण मनातल्या मनात.

"चेडवाचे पैशे उडूकच रवांदेत! आणि सुध्याक टोपी होयीच आसात, तर ती जत्रेत मिळांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ही तन्वी. पोरीचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

नारळ फुटला. मी देव्हाऱ्याकडे तोंड करून उभाच राहिलो, कारण प्रकाशरावांकडे वळायची हिंमत नव्हती. लाजेनं कान तापले होते.

मग प्रकाशराव घसा खाकरून म्हणाले, "भिकाकाका, माझंही एक घालाल का? तन्वीला गणितात रुचापेक्षा जास्त पडले ना, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं."

मी झटकन वळलो. काय सांगू, उभ्या आयुष्यात मला हा माणूस इतका कधी आवडला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना आग्रह कर करून वडे वाढले.

सोमवारी अंधेरीला जायचा विषय मी हळूच काढून पाहिला. मेघानं पोळपाटावरून मान वर केली नाही. "देवापुढे व्हय म्हणालात ना? तेही सगळ्यांत मोठ्यानं."

त्यामुळे पुढचं सगळं तन्वीच्या बेताप्रमाणे झालं. मेडिकल पास झाली. कॉलेज विद्याविहारचं. लेखी पेपर सुटत आले आहेत, आणि उडायचे पैसे उडण्यासाठीच जागेवर आहेत. अडेल तिथे रुचा तिला धावपट्टीवरून फोन करून समजावते. तन्वी खूश आहे आणि मीही खूश आहे. गाऱ्हाण्याचा गुण आला, पोटातलं जळणं थांबलं, असं मी चारचौघांत सांगतोसुद्धा.

काल संध्याकाळी प्रकाशरावांचा फोन आला. "सुधीरराव, उद्या रुचा पहिल्यांदा एकटी विमान उडवणार. शेजारी कोणी नाही. मला तर काही सुचत नाहीये. देवाला सांगा हो."

मलाही गलबलून आलं. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. मी तडक देव्हाऱ्यापुढे गेलो, हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आमच्या रुचाचा इमान सुखरूप चढांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून मेघा आणि तन्वी एकदम म्हणाल्या.

"सुखरूप उतरांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फक्त उतरताना सगळ्यांदेखत एकदा हलकेच आपटांदे, रे म्हाराजा!"

मी "व्हय"ची बराच वेळ वाट पाहिली. विमान वगैरे काही जात नव्हतं.