तळहातावरचा थेंब

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण गोखिवऱ्याच्या गाळ्यात. पितळी नळांना मुलामा चढवायच्या आधी ते ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ॲसिडचं काहीही निघालं की लोक मलाच विचारायचे, आणि मला ते आवडायचं.

नातीच्या गालांवर मुरमांचे डाग होते. तिने तोंडाला लावायचं ॲसिड मागवलं, कोकमाच्या आगळासारखं लाल. त्याने मेलेली कातडी निघते म्हणे. शनिवारी दुपारी बाटली घेऊन माझ्यासमोर बसली.

"आजोबा, तुम्ही ॲसिडमधले डॉन. लावू का?"

मी एक थेंब तळहातावर घेतला. काही झालं नाही.

"हे ॲसिड? याने नळाचा डागसुद्धा जायचा नाही. लाव बिनधास्त. अर्धा तास ठेव."

"यावर दहा मिनिटं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने कधी टाकीत हात घातलाय का?"

ती हसली आणि लावून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, जळतंय हो." तेव्हा तरी उठायला हवं होतं. मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, "जळणारच. काम करतंय ते." पोरीने माझ्या शब्दावर अर्धा तास काढला.

संध्याकाळी गाल सुजले, एका बाजूला फोड आले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतका वेळ ठेवायला कुणी सांगितलं?" मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

"कुणी नाही," नात म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

डाग राहू शकतो, उन्हात जाऊ नको, असं बाई म्हणाल्या. रिक्षात सूनबाई, तिची आई, घर येईपर्यंत तिला बोलत होती. मी बाहेर बघत राहिलो.

माझ्या तळहाताला कित्येक वर्षं काही कळतच नाही. उकळत्या चहाचा पेला मी नुसत्या हाताने धरतो. लोक कौतुक करतात, मी करू देतो. असल्या हातावर थेंब घेऊन मी एकोणीस वर्षांच्या गालाचा निवाडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे परतता परतता सूनबाई पुन्हा सुरू झाली, "अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी पेला खाली ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन म्हणालो, "तिला बोलू नकोस. अर्धा तास मी सांगितला. आणि माझ्या या हाताला काही कळत नाही."