समईवरची फुंकर

माझी शकू चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि त्या काळात माझं देवाशी अजिबात पटत नव्हतं. कान चांगले, जीभ मोकळी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मग अडलं कुठे? आमचं कुलदैवत खंडोबा. रोज त्याच्या टाकाला फूल वाहताना मी विचारी, बाबा रे, तुला आणखी काय हवंय? उपास झाले, नवस झाले, वेखंड उगाळून झालं. आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजातली प्रत्येक शेजारीण नवा उपाय घेऊन येई. पोपटाच्या उष्ट्या पेरूपर्यंत मजल गेली तेव्हा माझं डोकंच उठलं. सासूबाई मात्र निवांत. म्हणायच्या, "तू नाहक परेशान होते. बोलेल ना आपोआप, फिकर कशाला?" त्या 'आपोआप'चा मला वीट आला होता.

त्या उन्हाळ्यात मध्यभारताची राजधानी दरवर्षीप्रमाणे काही महिन्यांपुरती ग्वाल्हेरहून इंदूरला आली, तसे तिकडच्या कचेरीतले एक कारकून आमच्या मागच्या खोल्यांत भाड्याने उतरले. सोबत त्यांची थोरली बहीण होती. त्यांना आम्ही ताई म्हणू लागलो. मुंबईत मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं होतं. हे कळलं तेव्हा वाटलं, चला, देव एकदाचा जागा झाला.

ताई दुपारी आमच्याकडे येऊ लागल्या. औषध नाही, मंत्र नाही. शकूला आरशासमोर बसवून ओठ मिटायला-उघडायला लावत, कागदाचे कपटे उडवायला लावत, मेणबत्ती फुंकायला लावत. मला म्हणाल्या, "वहिनी, हिने तांब्याकडे बोट केलं की तुम्ही लगेच पाणी देता. जरा थांबा. तिला मागू द्या." थांबा! इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते? पोर हातपाय आपटायची, सासूबाई माझ्याकडे डोळे वटारायच्या, आणि मी ओठ दाबून बसायची. असे महिने गेले. कचेऱ्या ग्वाल्हेरला परतायची वेळ आली, ताईंचं सामान बांधून झालं, तरी शब्द नाही.

त्या संध्याकाळी देवापुढे समई लावून मी म्हटलं, "आता मी काही मागत नाही. तुझं तू बघ." भक्तीने नव्हे, निव्वळ वैतागून. माझे हात जोडलेलेच होते, तेवढ्यात शकू आली, गाल फुगवले आणि समई फुंकून मोकळी झाली. दिवा तोंडाने विझवायचा नाही ही आमच्या घरची रीत, त्यातून देवापुढचा! "अगं बाई, काय करून बसली ही पोरगी!" सासूबाई ओरडल्या. मी हात उगारलाच होता. पण निरोप घ्यायला आलेल्या ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी हात खाली घेतला आणि थांबले. शकूने धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ मिटले आणि उघडले.

"पुन्हा."

मी काडी ओढली. तिने परत फुंकर मारली. "पुन्हा!" ताई पदराने डोळे पुसत होत्या.

ताईंना कोणी धाडलं, सरकारने की खंडोबाने, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला माहीत आहे, आणि मी त्याची जन्माची ऋणी आहे. देवावर सोपवायला मन शांत असावं लागतं असं मी समजत होते. त्याने माझा वैतागसुद्धा गोड मानून घेतला.

त्या संध्याकाळी समई किती वेळा लागली नि विझली कोण जाणे. काडेपेटी संपली, तेव्हा सासूबाई स्वतः उठल्या आणि चुलीजवळची दुसरी आणून माझ्या हातात दिली.