डिझेलचं उत्पन्न

मला कोणी 'मालक' म्हणून हाक मारली की अजून डोकं फिरतं. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. त्यांचा काही दोष नाही, त्यांची ती बोलायची रीतच आहे. पण शीळफाट्याच्या यार्डात ज्यांनी मला खरोखरचा मालक केला, त्यांचं भलं व्हावं असं माझ्या तोंडून या जन्मात निघणार नाही. हे लिहून काढतोय ते एवढ्यासाठीच. मनात ठेवून ठेवून पित्त वाढतं.

मी ट्रक चालवायचो. माझे वडील कोलशेतच्या खाडीत जाळं टाकायचे. पुढे पाण्याला वास यायला लागला, म्हावरं कमी झालं आणि मी स्टिअरिंग धरलं. त्याबद्दल मला रडायचं नाही. ट्रक मला आवडायचा. वापी, नाशिक, इंदूर, कुठेही पाठवा, मी कधी नाही म्हटलं नाही. मी होतो एका एजन्सीचा ड्रायव्हर. गाड्या तिसऱ्याच्याच, माल आणखी कुणाचा. गाडी चालवून मुक्कामाला पोचवायचं कंत्राट या एजन्सीकडे. ड्रायव्हर तिचे, डिझेल तिचं, टोल तिचा. दर महिन्याला पगार, पीएफ कापलेला, आजारी पडलो तर सरकारी विम्याचं कार्ड. फार नव्हतं, पण सरळ होतं.

मग एक दिवस सगळ्या ड्रायव्हरांना यार्डातल्या वरच्या खोलीत बोलावलं. आम्हाला त्या खोलीत कधी कोणी बसायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खुर्च्या होत्या, समोसे होते आणि डोंबिवलीहून आलेला एक टॅक्सवाला होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, पुस्तकातली मराठी. आम्ही त्याला सीए साहेब म्हणायचो. तो सीए होता की नाही हे आजवर मला माहीत नाही, आणि तेव्हा विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"आजपासून तुम्ही नोकर नाही," तो म्हणाला. "तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक. तुमच्या प्रत्येकाच्या नावाची फर्म असेल. पीएफची कापाकापी नाही, पूर्ण पैसे हातात. रिटर्न मी भरून देणार. त्याचा तुम्हाला एक पैसा खर्च नाही."

मॅनेजर बाजूला उभा राहून हसत होता. त्याला मी हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण समोसे गरम होते.

फर्मला नाव काय द्यायचं म्हणून आम्हाला तिथल्या तिथे विचारलं आणि सगळ्यांनी आपापली कुलदैवतं काढली. मी एकवीरा आईचं नाव दिलं. आम्ही काय केलं माहितीये? पेढे वाटले. नोकरी गेली म्हणून गल्लीत पेढे वाटणारी माणसं जगात आम्हीच असू. कोलशेतला घरी गेलो तर बायकोने दारातच विचारलं, "काय शेट, आता तरी चांगला म्हावरा आणशील कं नाय?" मी त्या दिवशी पापलेट आणलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती, उपयोग काय?

आता खर्चीचं सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. फेरीला निघताना ड्रायव्हरला वाटखर्चासाठी पैसे देतात, त्याला खर्ची म्हणतात. डिझेल, टोल, हमाली आणि रस्त्यावरचे जे खर्च कुठे लिहायचे नसतात ते. खर्ची ड्रायव्हरची नसते. ती त्याच्या हातून जाते, एवढंच. फेरी संपली की बिलं यार्डात जमा करायची, उरलेलं परत करायचं. मी एवढी वर्षं खर्ची वाहिली, तिच्यातून स्वतःसाठी वडापावसुद्धा घेतला नाही, आणि हे मी कुणाच्याही समोर छातीवर हात ठेवून सांगेन.

आम्ही मालक झालो तेव्हापासून खर्चीही आमच्याच खात्यात यायला लागली. पगार म्हणायचं नाही, तो झाला 'कंत्राटाचा मोबदला', आणि खर्चीही त्याच नावाखाली. बिलं मात्र पूर्वीसारखीच यार्डात द्यायची. त्या बिलांचं ते पुढे काय करायचे ते त्यांनाच ठाऊक. टॅक्सवाला वर्षाच्या शेवटी खात्यात जेवढं आलं तेवढं सगळं आमचं उत्पन्न म्हणून दाखवायचा. एकदा एकाने विचारलं, अहो, यात डिझेल पण आहे. तर म्हणाला, "एवढ्यावर तुम्हाला कर लागतच नाही, मग काय बिघडलं? उलट मोठं रिटर्न असलं की बँक कर्जाला नाही म्हणत नाही." आणि एजन्सीने आधी कापलेला थोडा कर रिटर्न भरल्यावर परत यायचा. तो आला की आम्ही खूश. मटण आणायचो. आमचंच कापून आमचंच परत दिलं तरी आम्ही त्यांना दुवा देत होतो.

माझ्या मुलीला फार्मसीला जायचं होतं. लहानपणापासून औषधांची खोकी वाचायची. आजीच्या गोळ्यांवर काय लिहिलंय ते तिला पाठ असायचं. बारावी झाली, परीक्षा दिली, आणि कल्याणजवळच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. आता मुलींची फी सरकार भरतं. त्याला एकच गोष्ट लागते, बापाचं गेल्या वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला. तो मिळाला तर ती फार्मसीला, नाही तर नाही. पूर्ण फी भरणं माझ्या आवाक्याबाहेर होतं, आणि हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं.

सेतू केंद्रात अर्ज केला. तो परत आला. म्हणून मी आणि मुलगी ठाण्याला तहसील कचेरीत गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी माझं रिटर्न पाहिलं, मग माझ्या चपलांकडे पाहिलं, मग पुन्हा रिटर्नकडे.

"तुमचं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते डिझेल आहे."

"काय?"

"त्यातलं बहुतेक डिझेल आहे. टोल आहे. मी ड्रायव्हर आहे."

"इथे तर फर्म लिहिलीय. तुम्ही मालक आहात. एवढं कमावता आणि मुलीची फी फुकट मागता? मागे बघा, किती गरजू लोक उभे आहेत."

मागे खरंच लोक उभे होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरलेलो नाही. माझी मुलगी खाली मान घालून उभी होती. मला त्या बाईंचा राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून त्या बोलत होत्या. राग साठवून ठेवला आणि तो घेऊन दुसऱ्या दिवशी शीळफाट्याला गेलो.

मॅनेजर केबिनमध्ये पाय पसरून बसला होता. मी म्हटलं, एक पत्र द्या. माझ्या खात्यात आलेले पैसे डिझेल-टोलचे आहेत, माझे नाहीत, एवढं लिहून द्या.

"असं पत्र देता येत नाही."

"का नाही? खरं नाहीये का ते?"

"खऱ्याखोट्याचा विषय नाही, काका. तसं लिहिलं तर तुम्ही आमच्या कामाला आहात असं होतं. तुम्ही आमच्याकडे कामाला नाही. तुम्ही व्हेंडर आहात."

"मग काल मी तहसीलला गेलो, तर न विचारता सुट्टी घेतली म्हणून फोनवर शिव्या कुणाला घातल्यात? व्हेंडरला?"

"बघा, टेन्शन नका देऊ. गाडी लोड आहे. पोर्टला जायचंय. निघा."

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी चावी खिशात घातली आणि म्हटलं, "मी आज जात नाही."

"म्हणजे?"

"मी मालक आहे ना? माझा धंदा आज बंद आहे."

बाहेर जाऊन यार्डासमोरच्या टपरीवर बसलो आणि चहा सांगितला. आयुष्यात एवढा चवीने चहा प्यायलो नसेन. डोंबिवली एमआयडीसीतून आलेला कंटेनर यार्डात उभा, जहाजाची वेळ जवळ येत चाललेली, बाकीचे सगळे ड्रायव्हर बाहेर, आणि चावी माझ्याकडे. मॅनेजर आधी केबिनच्या दारातून ओरडला. मग टपरीपर्यंत आला आणि हिंदीत ओरडला, कारण त्याला वाटलं असावं की हिंदीत जास्त लागतं. मी बिस्किट चहात बुडवत राहिलो. मग वरच्या कुणाचा तरी फोन आला. तो बाजूला जाऊन 'येस सर, येस सर' करत राहिला, आणि परत आला तेव्हा माझ्या बाजूला बाकड्यावर बसला.

"काका, घरच्यासारखं बोलतो. काय लिहायचं ते सांगा."

मी सांगितलं तसं लिहिलं त्याने. सही, शिक्का, सगळं. मी ते पत्र शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि कंटेनर पोर्टला पोचवला. वाटभर मी गाणी म्हणत होतो. मला वाटलं, आपण जिंकलो. माणूस किती मूर्ख असू शकतो बघा.

तहसील कचेरीत त्या बाईंनी या वेळी पत्र नीट वाचलं. दोनदा वाचलं. आवाजही खाली आला होता. "पत्र बरोबर आहे हो. पण रिटर्नमध्ये तुम्हीच हे उत्पन्न म्हणून दाखवलंय. मी पत्रावर दाखला कसा देऊ? आधी रिटर्न दुरुस्त करून आणा."

मी तिथूनच टॅक्सवाल्याला फोन लावला. तो त्याच्या मऊ आवाजात म्हणाला, "करू की दुरुस्त. फक्त डिझेलची बिलं आणून द्या."

बिलं यार्डात होती. प्रत्येक फेरीनंतर मी माझ्या हाताने दिलेली. मी मॅनेजरला फोन केला. त्याने उचलला नाही. पुन्हा केला, कापला. यार्डात गेलो तर वॉचमनने गेटवरच थांबवलं. ज्या वॉचमनला मी इंदूरहून शेव आणून द्यायचो तो. बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. "वरून सांगितलंय," एवढंच म्हणाला.

मी तिथे गेटवर उभा राहून ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. कंठ सुकेपर्यंत दिल्या. आतून कोणीही बाहेर आलं नाही. ट्रक आत-बाहेर होत राहिले आणि मला बाजूला व्हायला हॉर्न वाजवत राहिले.

कॉलेजची तारीख आली. मुलगी म्हणाली, मी एकटी जाते. मी म्हटलं, नाही, मी येणार. तिथे तिने एका छापील कागदावर सही करून सीट सोडली. काउंटरवरच्या माणसाने सहज विचारलं, दुसरीकडे मिळालं का? तिने हो म्हटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, "मग काय सांगू, पप्पा? डिझेलमुळे सोडली म्हणून?" बायको घरी वाट बघत बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि ताटं घेतली. त्या मॅनेजरच्या घरातही मुली असतील. त्यांचं वाईट होवो असं मी म्हणणार नाही. त्याचं स्वतःचं म्हणेन, आणि रोज म्हणतो.

मला कामावरून काढलं का? नाही. काढायला आधी कामावर असावं लागतं. नोटीस नाही, पत्र नाही, भांडण नाही. फक्त फोन यायचा थांबला. आधी वाटलं, रागात आहेत, येईल. मग इतर ड्रायव्हरांकडून कळलं की माझी गाडी दुसऱ्याला दिली. एका वकिलाला विचारलं तर म्हणाला, तुम्ही तर फर्म आहात, एका फर्मने दुसऱ्या फर्मला काम दिलं नाही, यात तक्रार कसली? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुसऱ्या एजन्सींत गेलो. या वयात कोणी पटकन घेत नाही, आणि जे घेतात ते आधी विचारतात, तुमच्या नावाची फर्म आहे ना?

सध्या मी एका ओळखीच्या माणसाचा टेम्पो चालवतो, तो सांगेल तेव्हा. मुलगी कोलशेतलाच एका मेडिकलच्या दुकानात उभी राहते. गिऱ्हाइकाला गोळ्या काढून देते, खोकी वाचते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून दुपारी दुकान बंद असतं तेव्हा अभ्यास करते.

परवा मी घरात बसून बँकेतून भरून आणलेलं पासबुक बघत होतो. पानभर काही नव्हतंच. मुलगी मागून येऊन उभी राहिली. तिने माझ्या हातातून पासबुक घेतलं, शेवटच्या पानापर्यंत चाळलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी मी तो तसा पाहत होतो.

"पप्पा," ती म्हणाली, "यंदा असंच राहिलं ना, तर पुढच्या वर्षी आपल्याला दाखला नक्की मिळेल."

ती थट्टा करत नव्हती.