सप्रेकाकांची आगगाडी

सप्रेकाकांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. सरळ आतल्या खोलीपाशी नेलं आणि म्हणाले, "चपला बाहेर. इथून ठाणं सुरू होतं." खोलीभर फळ्यांवर रूळ टाकलेले आणि त्यावर बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीची लाकडी प्रतिकृती. ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारात राहत. जन्मभर विमा कचेरीत कारकुनी केलेला हा माणूस बोलायचा मात्र असा, की त्या गाडीला हिरवं निशाण जणू यानेच दाखवलं होतं.

"गाडी म्हणजे ती! तुमचे हे नुसते डबे," हे त्यांचं पालुपद. कुणी काही विचारलं, की "तुम्हांला कळायचं नाही." कळत त्यांनाही फारसं नव्हतं. आज तांबडे असलेले डबे पुढच्या महिन्यात हिरवे व्हायचे. का, विचारलं तर, "संशोधन चालू आहे."

घर वन बीएचके. बेडरूम गाडीची, हॉलमधला दिवाण काकांचा. सुमनकाकू ओट्यापाशी सतरंजी टाकायच्या.

लेक मेघना बाळंतपणाला यायची होती, तेव्हा काकूंनी माझ्यादेखत विषय काढला.

"थोडे दिवस गाडी काढून ठेवा. पोरगी निजेल कुठे?"

"अगं, एकदा खोलली तर पुन्हा जुळायची नाही."

"मग मेघनाला काय सांगू?"

"हॉलमध्ये पडदा लावू की! त्या काळी बायका बाळंत व्हायच्या नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी मीच काकूंची बॅग रिक्षात ठेवली. माजिवड्याला मेघनाच्या भाड्याच्या घरी त्या गेल्या, त्या गेल्याच.

काका खचले असतील, असं मला उगाचच वाटलं. पोळीभाजी घेऊन गेले, तर दिवाण भिंतीला उभा केलेला आणि रूळ हॉलमध्ये आलेले. "आता खाडी ओलांडून कल्याणपर्यंत नेतो," म्हणाले. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मेघनाला मुलगी झाली. काकूंनी माझ्या हाती पेढे पाठवले.

"काका, नात झाली तुम्हांला."

"हो का? छान, छान." पेढ्यांचा पुडा त्यांनी रुळांपासून लांब, स्टुलावर ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "सुमनला म्हणावं..."

मला वाटलं, आता तरी बोलावतील.

"म्हणावं, नातीला घेऊन या गाडी बघायला. पण ती रांगायला लागायच्या आत."

मी पुडा उचलला आणि घरी आले.